पळसगावचे नाईक यशवंत घाडगे



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने शाळेच्या आठवणी लिहून द्याव्यात, असे समितीचे पत्र आले. आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांचे अक्षरही माझ्यापेक्षा बरे आहे. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी वेगळ्या माणसाबद्दल लिहितो आहे. हा माणूस आपल्या शाळेचा विद्यार्थी नव्हता, पण आपल्याच माणगाव तालुक्याचा होता. दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या कामासाठी माणगावच्या तहसील कार्यालयात गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी त्याचा पुतळा पाहिला आहे. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस.

लिहायला निमित्त घडले ते आपल्या तयारीच्या बैठकीत. बॅचतर्फे शाळेला दरवर्षी एक पारितोषिक द्यायचे ठरले. ते कोणाच्या नावाने द्यायचे यावर चर्चा सुरू असताना एकीने यशवंत घाडगे यांचे नाव सुचवले. त्यावर एका मित्राने शंका काढली, की इंग्रजांच्या फौजेत आणि इंग्रजांच्या युद्धात मेलेल्या माणसाचे नाव आपल्या शाळेत कशाला लावायचे? प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता, मनापासून होता. तेवढ्यात चहा आला, मग जेवणाच्या कंत्राटाचा विषय निघाला आणि तो प्रश्न तसाच राहिला. टपाल खात्यात आयुष्य गेल्यामुळे आलेल्या पत्राला पोच दिल्याशिवाय मला झोप लागत नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाची पोच समजावी.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. त्या काळचे आपल्याकडचे जगणे आजी-आजोबांच्या तोंडून आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पावसाळ्यात एक भाताचे पीक, नंतर थोडीफार नाचणी-वरी, आणि उरलेल्या वर्षाची भिस्त मनिऑर्डरवर. मनिऑर्डर दोन ठिकाणांहून यायची, मुंबईच्या गिरणीतून नाहीतर पलटणीतून. घरात दोन-तीन भाऊ असले की एक शेतावर राहायचा, एक मुंबई गाठायचा आणि एक भरती व्हायचा. कोकणात एसटी नव्हती, ती १९४८ नंतरची गोष्ट. रेल्वे तर आपण कर्ते झाल्यावर आली. घाट चढून देशावर जाणे किंवा बोटीने मुंबईला जाणे हाच मोठा प्रवास होता. अशा मुलुखातली मुले इराकच्या वाळवंटात आणि इटलीच्या डोंगरात जाऊन पोचली.

यशवंतराव ज्या रेजिमेंटमध्ये होते तिचे तेव्हाचे नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. तिचे मूळ १७६८ पर्यंत जाते, ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत उभ्या केलेल्या शिपायांच्या पलटणीपर्यंत. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला. कोकणातला आणि देशावरचा मराठी शेतकरी हा तिचा कणा. दुसऱ्या महायुद्धात तिच्या बटालियन पूर्व आफ्रिका, उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश अशा चारी दिशांना लढल्या. यशवंतराव तिसऱ्या बटालियनचे. या बटालियनने १९४१ च्या मार्चमध्ये पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरी लढाईत नाव काढले होते. तिथे तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड पुढे युद्धकैदी झाले, सुटून आले आणि १९४४ मध्ये इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले. यशवंतरावांची बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. म्हणजे डिव्हिजनच्या सेनापतीला मराठी शिपायांची चांगली ओळख होती आणि अवघड चढाव कोणाला द्यायचा हे त्याला ठाऊक होते.

इथे नाईक या हुद्द्याबद्दल थोडे सांगायला हवे. आपल्यातले जे सैन्यात होते त्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहितो. भरती झालेला जवान शिपाई असतो, पुढे लान्स नाईक, मग नाईक, मग हवालदार. नाईकाच्या बाहीवर दोन फिती असतात. त्याच्या हाताखाली एक सेक्शन असते, साधारण दहा माणसांचे. फौजेच्या हुकमतीच्या शिडीवरची ही अगदी खालची पायरी. जनरल नकाशावर बाण काढतो, कर्नल बटालियनला हुकूम देतो, कंपनी कमांडर टेकडी दाखवतो. पण शेवटी त्या टेकडीवर माणसांना नावानिशी हाक मारून पुढे नेतो तो नाईक. कोणाच्या पायाला फोड आले आहेत, कोणाकडे पाण्याची बाटली रिकामी आहे, कोणाला महिनाभर घरचे पत्र नाही आणि म्हणून तो गप्प आहे, हे नाईकाला ठाऊक असावे लागते. आपल्या वर्गातल्या मॉनिटरसारखेच हे काम, फरक एवढाच की इथे चूक झाली तर छडी नाही, मरण. यशवंतराव बावीस वर्षांचे होते आणि दहा घरांचे मुलगे त्यांच्या जिम्म्यात होते.

आता १९४४ चा उन्हाळा. ४ जूनला दोस्त फौजा रोममध्ये शिरल्या. दोनच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मोठे सैन्य उतरले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. इटलीतले युद्ध मात्र संपले नव्हते. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते, पण पळत नव्हते. उत्तरेला डोंगरांच्या रांगेत त्यांची गॉथिक लाइन नावाची तटबंदी तयार होत होती. ती पुरी होईपर्यंत दोस्तांना वाटेत अडवून धरायचे, प्रत्येक टेकडीची किंमत वसूल करायची आणि रात्री मागच्या टेकडीवर सरकायचे, असा त्यांचा डाव होता. नद्यांवरचे पूल उडवलेले, रस्त्यात सुरुंग पेरलेले, आणि गावाच्या वरच्या अंगाला कुठेतरी झाडीत दडवलेली मशीनगन.

दहावी भारतीय डिव्हिजन जूनच्या अखेरीला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आली. ही टायबर म्हणजे पुढे रोममधून वाहणारीच नदी, पण इथे उगमाकडच्या भागात ती डोंगरांच्या मधून येते. हा उम्ब्रिया प्रांत. टेकड्यांवर दगडी भिंतींची जुनी गावे, उतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षवेली, वरती ओकची रानं. रस्ते इतके अरुंद की रसद आणि दारूगोळा पुष्कळदा खेचरांच्या पाठीवर. खोऱ्यातली शेती बहुतेक कुळांची, पिकाचा वाटा जमीनदाराला द्यायचा. आपल्या खोती मुलुखातल्या मुलाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागली नसती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डिव्हिजनने उम्बेर्टिदे हे गाव घेतले, मग टेकडीवरचे मोंतोने. पुढे चित्ता दि कास्तेल्लो घ्यायचे होते. मधल्या एकेका कड्यावर जर्मन ठाण मांडून बसले होते.

१० जुलै १९४४. आपल्याकडे तो लावणीचा हंगाम. पळसगावच्या शिवारात गुडघाभर चिखलात माणसे वाकलेली असण्याचे दिवस. तिकडे कोरड्या इटालियन उन्हात मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतरावांचे सेक्शन पुढे होते. अगदी जवळच्या अंतरावरून मशीनगन सुरू झाली. जर्मन पायदळाकडे तेव्हा असलेली एमजी ४२ मशीनगन मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडू शके, आपल्या ब्रेनगनच्या दुपटीहून अधिक. सेकंदाला वीस गोळ्या. उघड्यावर सापडलेल्या दहा माणसांसाठी काही सेकंद पुरेसे असतात. सेक्शनमधले सगळे पडले, काही जागीच ठार झाले, काही जखमी. उभा राहिला तो एकटा सेक्शन कमांडर.

पुढचे सगळे लंडन गॅझेटमध्ये नोंदलेले आहे आणि ती नोंद एका परिच्छेदाची आहे. सोबतीला कोणी उरलेले नाही हे पुरते जाणून यशवंतराव मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. पहिल्यांदा त्यांनी हातबाँब टाकला. त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा संपला. मग टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. त्यांनी तीच बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून उरलेल्या दोघांना ठार केले. मोर्चा हाती आला. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

शाळेतल्या व्याख्यानात असा प्रसंग सांगितला की टाळ्या पडतात. पण थोडा वेळ टाळ्या थांबवून मी त्या प्रसंगाकडे बघतो. दोन माणसांना बंदुकीच्या दस्त्याने मारणे ही भयंकर गोष्ट आहे. तेही कोणाचे तरी मुलगे होते. युद्धाचे हे खरे तोंड आहे आणि ते झाकून शौर्य सांगू नये. मला जे विचार करायला लावते ते वेगळे आहे. त्या क्षणी यशवंतरावांपुढे कोणते मार्ग होते? ते जमिनीला चिकटून पडून राहू शकले असते. मागची कंपनी येईपर्यंत वाट पाहू शकले असते. सरपटत मागे जाऊन तोफेचा मारा मागू शकले असते. सेक्शनच उरलेले नसताना यांपैकी काहीही केले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. पण मोर्च्यासमोर त्यांचे जखमी पडले होते. मशीनगन चालू राहिली असती तर त्यातला कोणी वाचला नसता, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या सेक्शनचीही तीच गत झाली असती. दहा जणांची जबाबदारी होती, ती त्यांच्यापुरती संपलेली नव्हती.

कोणी म्हणेल, साथीदार पडलेले पाहून डोके फिरले आणि तो धावला. मला ते पटत नाही, आणि कारण त्यांच्या कृतीच्या क्रमात आहे. आधी हातबाँब, कारण आधी मशीनगन बंद व्हायला हवी. मग टॉमीगन, कारण गनभोवतीची माणसे ती पुन्हा सुरू करू शकतात. मग दस्ता, कारण मॅगझिन बदलण्याचे दोन-तीन सेकंद समोरच्याला पुरतात. रागाने आंधळा झालेला माणूस असा क्रम पाळत नाही. बेळगावच्या मैदानात उस्तादाने घोटून घेतलेले धडे एका माणसाने, त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या मिनिटात, एकही पायरी न चुकवता म्हणून दाखवले. गुरुजनांना यातले मर्म माझ्यापेक्षा अधिक कळेल. शिकवलेले कधी आणि कुठे उपयोगी पडेल हे शिकवणाऱ्याला दिसत नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस हे १८५६ पासूनचे पदक. त्यात हुद्दा पाहत नाहीत. जनरलला मिळते तेच शिपायाला. हिंदी सैनिकांना मात्र ते मिळण्याची सोय १९११ नंतर झाली. यशवंतरावांचे पदक २ नोव्हेंबर १९४४ च्या गॅझेटमध्ये जाहीर झाले. आणखी चौदा दिवसांनी ते तेवीस वर्षांचे झाले असते. मरणोत्तर पदक सैनिकाच्या छातीवर कधीच लागत नाही, ते घरच्यांच्या हातात पडते. युद्धाच्या काळात कोकणातल्या घराला तारवाला येताना दिसला की बायका स्वयंपाक टाकून अंगणात यायच्या, असे आमच्या खात्यातले जुने लोक सांगत. पदक त्यानंतर येते, कधी कधी पुष्कळ नंतर. इटलीच्या लढाईत हिंदी सैनिकांना सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले आणि त्यातले दोन मराठा रेजिमेंटचे होते.

दुसऱ्याचे नाव नामदेव जाधव. त्यांच्याशिवाय ही गोष्ट मला अपुरी वाटते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे हे शिपाई पहिल्या बटालियनमध्ये होते. त्यांची जन्मतारीख १८ नोव्हेंबर १९२१, यशवंतरावांच्या नंतर बरोबर दोन दिवसांनी. एकाच शाळेत असते तर एकाच वर्गात बसले असते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांची कंपनी पार उतरत होती. नदीच्या पूर्वेकडच्या बांधावर चढताना त्यांची छोटी तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारे, असलेल्या जाधवांनी आधी दोन जखमींना खोल पाण्यातून, चढ्या काठावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित जागी आणले. मग परत जाऊन त्यांनी तीन मशीनगन मोर्चे संपवले. शेवटी ते बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहिले, शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले. ते वाचले, हवालदार झाले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले. दोघांच्या कामात मला एकच गोष्ट दिसते. दोघांच्याही पुढे पडलेली माणसे होती आणि दोघांनीही ती आपली मानली.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. हे युद्ध कोणाचे होते?

ते आपल्याला न विचारता आपल्यावर लादलेले होते, हे पहिल्यांदा मान्य केले पाहिजे. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांचा सल्ला न घेता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. १९४२ मध्ये चले जाव आंदोलन पेटले. त्या सप्टेंबरमध्ये आपल्या शेजारच्या महाडमध्ये कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. त्यातली काही यशवंतरावांच्याच पिढीची. एकाच मुलुखातल्या तरुणांपैकी काही सरकारच्या गोळीने पडले आणि काही सरकारच्या गणवेशात पडले. हा पेच खरा आहे आणि तो गोड शब्दांनी सुटत नाही. सक्तीची भरती हिंदुस्थानात नव्हती, हेही खरे. पण घरची एक पिकाची जमीन माणसाला किती मोकळे सोडते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तरीसुद्धा दोन गोष्टी मित्राने तराजूत टाकाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली त्या गावांची. उम्ब्रियातल्या लोकांनी १९४३ च्या सप्टेंबरपासून जर्मन फौजेचा अंमल सोसला होता. मोंतोनेपासून फार दूर नसलेल्या गुब्बिओ या गावात २२ जून १९४४ ला जर्मन सैनिकांनी सूड म्हणून चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. त्यात शेतकरी होते, कारागीर होते, बायकाही होत्या. यशवंतराव पडले ते त्यानंतर अठराव्या दिवशी, त्याच टापूत, त्याच फौजेला मागे रेटताना. पाठवणारे साम्राज्य कोणत्या हिशेबाने पाठवत होते हा भाग वेगळा. ज्यांच्या दारातून ती मशीनगन हटली त्यांच्या लेखी युद्ध कोणाचे होते, हेही विचारायला हवे.

दुसरी गोष्ट त्या पलटणीची. जी फौज इंग्रजांनी उभी केली ती त्यांच्या मालकीची राहिली नाही. युद्ध संपून वर्षही उलटले नव्हते, तोच १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नाविकांनी उठाव केला आणि फौजेच्या बळावर हा देश फार काळ ताब्यात ठेवता येणार नाही हे राज्यकर्त्यांना स्पष्ट दिसले. यशवंतरावांची तिसरी बटालियन पुढे छत्रीधारी झाली. १९४८ च्या मार्चमध्ये जम्मू-काश्मीरमधले झंगर परत घेतले गेले, तेव्हा ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडमध्ये ती बटालियन लढत होती. म्हणजे १९४४ ला इंग्रजांच्या झेंड्याखाली असलेली तीच पलटण चार वर्षांत स्वतंत्र भारताची सरहद्द राखत होती. शिस्त तीच, शिकवण तीच, आणि पुष्कळशी माणसेही तीच. यशवंतराव जगले असते तर त्यावेळी सव्वीस वर्षांचे असते.

म्हणून मी त्या युद्धाचे दोन हिशेब वेगळे ठेवतो. साम्राज्याचा हिशेब इतिहासाने करावा आणि कडक करावा. नाईकाचा हिशेब मात्र त्याच्या दहा माणसांशी होता आणि तो त्याने पुरा चुकता केला. महाडच्या हुतात्म्यांपुढे मान लवते तेव्हा यशवंतरावांपुढे ती ताठ ठेवायला हवी, असे मला वाटत नाही. दोन्ही घरे आपलीच होती.

यशवंतरावांना थडगे नाही. त्यांचे नाव रोमच्या दक्षिणेला कासिनो इथल्या स्मारकावर कोरलेले आहे, ज्ञात कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांसोबत. इटलीत जवळपास पन्नास हजार हिंदी सैनिक लढले आणि पाच हजारांहून अधिक परत आले नाहीत. पुष्कळ वर्षे त्या देशात त्यांची आठवण युद्धस्मशानांच्या भिंतींपुरती राहिली होती. मग जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या काही युद्धइतिहासाच्या अभ्यासकांनी गावात यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते पुतळ्याचे नाही, सूर्यघड्याळाचे आहे. त्यावर लॅटिनमध्ये एक बोधवाक्य आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचे. मला हे फार समर्पक वाटले. त्या मोर्च्यात पडलेले चौघे जर्मन आणि बाहेर पडलेले कोकणातले, देशावरचे मुलगे, सगळ्यांवर तेच ऊन होते. सूर्यघड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही. ऊन पडले की ते चालते. एक परके गाव ऐंशी वर्षांनी आपल्या तालुक्यातल्या मुलाच्या नावावर रोजची वेळ बघते आहे.

आता मूळ विषय, आपले पारितोषिक. ते यशवंत घाडगे यांच्या नावाने द्यावे असे मी या लेखाने सुचवतो आणि सोबत एक अट घालतो. हे पारितोषिक पहिल्या नंबराला देऊ नये. पहिल्या नंबरासाठी शाळेत आधीच पाच बक्षिसे आहेत, आणि ती आपल्या बॅचमध्ये कोणी लाटली हे सगळ्यांना आठवते. खेळातल्या पहिल्यालाही देऊ नये. ज्या मुलाने किंवा मुलीने वर्षभरात दुसऱ्या कोणाची जबाबदारी मनापासून उचलली असेल, आजारी मैत्रिणीच्या वह्या पुऱ्या केल्या असतील, लांबच्या वाडीवरून येणाऱ्या लहान मुलांना पावसात ओढा ओलांडून सांभाळून आणले असेल, मागे पडलेल्याला गणित शिकवले असेल, त्याला ते द्यावे. निवड वर्गशिक्षकांनी करावी, कारण अशी कामे करणारी मुले स्वतःहून सांगत नाहीत.

दिवस १० जुलै ठेवावा. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, वर्गात मुले रुळलेली असतात आणि बाहेर लावणी चालू असते. त्या दिवशी पाच मिनिटे कोणीतरी यशवंतरावांची गोष्ट सांगावी. ती सांगताना साम्राज्याचा प्रश्नही मुलांपुढे ठेवावा, लपवू नये. आठवी-नववीच्या मुलांना हा पेच समजतो आणि ती त्यावर फार चांगली भांडतात. आपल्या मित्राने पहिल्या वर्षी येऊन आपली बाजू मांडावी, मी माझी मांडीन. पहिल्या वर्षीच्या पारितोषिकाची रक्कम मी कोषाध्यक्षांकडे जमा करून ठेवली आहे. मंजुरी मिळाली तर वापरावी, नाही मिळाली तर शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके घ्यावीत, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातल्या सैनिकांबद्दलचे एखादे असावे.